चैत्रातली बादली

वर्तकनगरात चैत्र आला हे मला पंचांगाआधी बाल्कन्या सांगतात. फाटकाजवळचा कडुनिंब बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जातो, फुलं चहात पडतात म्हणून वॉचमन आपली खुर्ची झाडाखालून हलवतो, आणि त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या सगळ्या दोऱ्यांवर एसीचे फिल्टर वाळत पडतात. माझ्या लहानपणी डोंबिवलीला या दिवसांत गच्चीवर कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्या असायच्या, आणि कावळे हाकलायला आम्हा मुलांना उन्हात बसवलेलं असायचं. फिल्टरला कावळा तोंड लावत नाही, तेवढीच एक सोय झाली आहे.

फिल्टर वाळले की एसी सुरू होतात, आणि सुरू झाले की बिघडतात. हिवाळाभर गप्प पडलेल्या यंत्राला एकदम कामाला जुंपलं तर ते कुरकुरणारच. दिवाळीच्या सुटीनंतर शाळेत येताना आम्ही मास्तरमंडळी तरी काय वेगळं करतो? मग लिफ्टमध्ये रोगनिदान सुरू होतं. आपल्याकडे माणसाला काहीही झालं की पित्त आणि एसीला काहीही झालं की गॅस. थंड होत नाही? गॅस. पाणी गळतंय? गॅस. आवाज येतोय? गॅसच. रिमोट सापडत नाही यालाही उद्या कोणी गॅस म्हणालं तर मला नवल वाटणार नाही. माझा नवरा सुहास या पंथाचा कट्टर अनुयायी आहे. यंत्रांशी त्याचा संबंध पासवर्ड विसरण्यापुरता. पण एसीखाली कमरेवर हात ठेवून उभा राहिला की मोठ्या हॉस्पिटलातून नुकताच राउंड संपवून आल्यासारखा दिसतो.

या पंथाचे आमच्या घरातले एकमेव विरोधक म्हणजे माझे वडील, अण्णा. "गॅस हवेत उडून जायला तो काय कापूर आहे?" असं ते विचारतात. "गळती असल्याशिवाय गॅस कमी होत नाही. आधी जाळी बघा, मग ड्रेन बघा, मग कपॅसिटर बघा. अक्कल सगळ्यात शेवटी बघा, ती सहसा गेलेलीच असते."

अण्णांनी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं मेंटेनन्सचं काम केलं. त्यांच्याकडे पिवळ्या दांड्याचा, हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर आहे. स्क्रू फिरवायला तो क्वचितच वापरला गेला. त्याचं टोक चालू यंत्राच्या अंगाला टेकवायचं, दांडा कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचे. मिनिटभराने निकाल लागायचा. "बेअरिंग गेलंय." "बोल्ट ढिला आहे." किंवा त्यांचा आवडता शब्द, "ठणठणीत." कारखान्यातले पंप, बिल्डिंगची पाण्याची मोटर, शेजाऱ्यांची स्कूटर, आईचा मिक्सर, सगळी यंत्रं या दांड्यातून त्यांच्याशी बोलत. एकदा दिलेला निकाल फिरला असं मी कधी पाहिलं नाही.

आईला मात्र या श्रवणभक्तीचा भारी जाच होता, कारण ती भक्ती नेमकी जेवणाच्या वेळेला रंगात यायची. "अहो, तो स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवा आणि जेवायला चला!" हे वाक्य आमच्या घरात तीनदा म्हटलं जायचं. पहिली हाक आमटी गरम असताना, दुसरी ती निवल्यावर आणि तिसरी ती पुन्हा गरम केल्यावर. तिसऱ्या हाकेआधी अण्णांनी तो कधी खाली ठेवला नाही. आईनेही तीनऐवजी चार हाका कधी मारल्या नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात एवढा हिशेब जमला तरी पुष्कळ झालं.

मला आज जो चैत्र आठवतोय तो तीन वर्षांपूर्वीचा. आदल्या वर्षी आई गेली. वर्षभर सण नव्हते, त्यामुळे तो तिच्यामागचा पहिलाच पाडवा. अण्णा डोंबिवलीहून आमच्याकडे आले, पिशवीत आंब्याची डहाळी, साखरेची गाठी आणि हातरुमालात गुंडाळलेला स्क्रू-ड्रायव्हर. दसऱ्याला बाकीच्या यंत्रांची पूजा होते, पण एसीचं वर्ष पाडव्याला सुरू होतं, सबब त्याची पूजा पाडव्याला, असा त्यांचा शास्त्रार्थ. आमचा दीड टनाचा एसी आणला त्या वर्षापासून ते गुढी उभारून झाली की स्टुलावर चढून त्याचे फिल्टर काढतात, धुतात, बाल्कनीत वाळत घालतात आणि मग त्याला हळदकुंकू वाहतात. तेही झाकण उघडं ठेवून. "कारखान्यात आम्ही मशीन उघडूनच पूजा करायचो. देवाला तोंड बांधून नैवेद्य दाखवतात का?"

आई असताना हे सगळं व्हायचं, फक्त अक्षतांची वाटी तिच्या हातात असायची. फिल्टर वाळून परत बसले, झाकण लागलं की ती वाटी पुढे करायची आणि म्हणायची, "दोन. जास्त नकोत, कचरा मला काढावा लागतो." अण्णा दोन दाणे वाहायचे. त्या पाडव्याला वाटी अण्णांच्याच हातात होती. मी स्वयंपाकघरात पुरणाच्या गडबडीत. त्यांनी उघड्या एसीला मनोभावे नमस्कार केला आणि मूठभर अक्षता वाहिल्या. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

चारपाच दिवसांत एसी बोलायला लागला. खड खड खड, मग गप्प, मग पुन्हा खड खड, जणू कोणी आत बसून गोट्या मोजतंय. त्यानंतर तो गळायला लागला. मी त्याच्याखाली बसून नववीचे भूगोलाचे पेपर तपासत होते. एका मुलाने महाराष्ट्राच्या नकाशात निळ्या पेन्सिलीने गोदावरी फार मन लावून काढली होती. पहिला थेंब नेमका नाशिकवर पडला आणि गोदावरी उलटी वाहत अरबी समुद्राला मिळाली. मी त्याला पूर्ण गुण दिले. त्याची काही चूक नव्हती. पुढच्या आठवड्यात वास सुरू झाला, विसरून राहिलेल्या इडलीच्या पिठासारखा आंबूस. सुहास म्हणाला, "आत पाल मेली असेल." थोडा विचार करून पुढे म्हणाला, "किंवा गॅस."

खरी अडचण एसीची नव्हतीच. अण्णांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. आई असेपर्यंत ते कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही, कारण तीनदा बोलायची तिला सवयच होती. ती गेल्यावर टीव्हीचा आवाज भिंतीपलीकडच्या लोकांना मालिका कळेल इतका वाढला. "हल्लीचे लोक पुटपुटतात," हे अण्णांचं निदान. कानाच्या डॉक्टरांनी मशीन लावा म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "मशीन मी दुरुस्त करतो. लावून घेत नाही." वर्ष झालं तरी त्या चिठ्ठीची घडी त्यांच्या चष्म्याच्या घरात तशीच होती.

पाडव्यानंतर अण्णा डोंबिवलीला परतले होते; माझ्या उन्हाळी सुटीत मात्र त्यांनी आमच्याकडेच राहायचं ठरलं होतं. आल्या आल्या मी गाऱ्हाणं घातलं. अण्णांनी रुमालाची गाठ सोडली, स्टुलावर चढले, स्क्रू-ड्रायव्हर एसीच्या पोटाला टेकवला, डोळे मिटले. आतून खड खड खड खड सुरू होतं. मी आणि सुहास खाली उभे. मिनिटभराने अण्णांनी डोळे उघडले आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "ठणठणीत."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. एसीने पुन्हा एकदा खडखडून आमची बाजू घेतली.

"अण्णा, आवाज येतोय हो," मी म्हणाले. "पाणीसुद्धा."

"पाणी येणारच. पाइपाला उतार नाही. दोष भिंतीचा आहे, बिल्डरला विचारा."

आता दुसरा मेकॅनिक बोलावणं म्हणजे अण्णांच्या निकालावर वरच्या कोर्टात जाणं. ते माझ्याने होईना. आई गेल्यावर अण्णांपाशी काय उरलं होतं? साखरेच्या गोळ्या, डोंबिवलीच्या दोन खोल्या आणि तो कान. मानपाडा रोडवरची अर्धी माणसं अजून त्यांना जिन्यात थांबवून विचारायची, "अण्णा, जरा आमच्या मोटरचं ऐकता का?" ते विचारणं होतं म्हणून ते सकाळी दाढी करत होते, इस्त्रीचा शर्ट घालत होते. तो कान गेलाय हे त्यांच्या तोंडावर सांगायचं म्हणजे उरलेला माणूसही काढून घ्यायचा. मला भीती वाटत होती, सरळ सांगते. म्हणून मी एसीखाली बादली ठेवली. टपटप आवाज होऊ नये म्हणून बादलीत जुना टॉवेल टाकला. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून टाकला, हे मात्र मला आजही सांगता येत नाही; ज्यांच्यासाठी टाकला त्यांना तो ऐकू येतच नव्हता.

सोळा दिवस ती बादली हॉलमध्ये तशीच होती. पाहुणे आले की सुहास ती सोफ्याआड सरकवायचा आणि पाहुण्यांच्या डोक्यावर थेंब पडला की "गॅस," असं म्हणून खिन्न हसायचा. शेवटी अण्णाच म्हणाले, "उतार देऊन घेऊ. जयेशला बोलावतो."

जयेश डोंबिवलीजवळच्या मानपाड्याचा एसीवाला. वर्तकनगरातला एसी बघायला मानपाड्याहून माणूस आणणं म्हणजे सत्यनारायणाला गावाहून गुरुजी आणण्यासारखं; पण अण्णांचा विश्वास तेवढ्या एकाच माणसावर. जयेशच्या आजोबांची भातशेती होती, त्या जागी आता बावीस मजली टॉवर आहेत. त्यामुळे त्याला काम करायची गरज अशी नाही. दुकानात तीन मेकॅनिक आहेत, तरी तो स्वतः फिरतो, पांढऱ्या भल्यामोठ्या गाडीच्या टपावर शिडी बांधून. घरी बसलं की जमिनीवरून भांडणं होतात, म्हणतो. एसी भांडत नाही. अण्णांच्या स्क्रू-ड्रायव्हरची विद्या त्याने तरुणपणी त्यांच्याकडूनच घेतलेली. आजही तो अण्णांच्या पाया पडून मगच शिडी उघडतो.

रविवारी सकाळी तो आला. बादलीकडे बघून हसला. शिडी लावता लावता त्याने नेहमीप्रमाणे गोष्ट लावली. "ताई, कल्यानला एक काकी हायेत. फोनवर बोल्या, एसी थंड करत नाय, गॅस भरून दे. जाऊन बगतंय तं एसीला मखमलीचं कव्हर शिवलेलं, जरीची किनार लावून, नि एसी चालू! मी बोल्लो, काकी, निदान कव्हर तरी काडा. तं बोल्या, अरे, धूल बसते ना."

अण्णा मनापासून हसले. गोष्ट त्यांनी आधी ऐकलेली असावी, किंवा जयेशच्या चेहऱ्यावरून हसले असावेत. ते शिडीखाली हात मागे बांधून उभे राहिले, जसे कारखान्यात फिटरच्या मागे उभे राहत असतील.

जयेशने झाकण उघडलं, फिल्टर काढले, मोबाइलचा टॉर्च आत मारला. ट्रेमध्ये दोन बोटं घालून त्याने काहीतरी काढलं, मूठ मिटली. वरून आधी अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या घरात पाडव्याला एसीची पूजा कोण करतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने घसा खाकरला आणि चांगलं मोठ्याने म्हणाला, "अण्णा, गॅस कमी झालाय."

"बघ!" सुहास सोफ्यावरून उठलाच. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय!" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या पंथाला मान्यता मिळत होती. त्याचा आनंद बघून मलाच कसंतरी झालं.

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते जयेशकडे बघत होते. "गॅस?" ते म्हणाले. "जयेश, गॅस कमी असता तर पाइपावर बर्फ धरला असता. आहे का बर्फ?"

"नाय, पण..."

"खोली गार होतेय की नाही?"

"होते."

"मग गॅस कसला? गारवा ठीक आहे आणि पाणी आत गळतंय, म्हणजे ड्रेन तुंबलाय. वास आंबूस आहे. पाल मेली तर असा वास येत नाही, मी कारखान्यात पाली खूप काढल्यात. हा धान्याचा वास आहे." बोलता बोलता ते थांबले. निदान करताना त्यांना स्वतःला थांबवता येत नाही, तसंच ते पुढे गेले होते, आणि आता जिथे पोहोचायला नको तिथे पोहोचले होते. "मूठ उघड," ते म्हणाले.

जयेशने मूठ उघडली. हळदीने पिवळे झालेले, फुगून बोटभर चिकट लगदा झालेले तांदूळ होते. जयेशने एक दाणा बोटांत चुरडून पाहिला आणि भातशेतीवाल्या घरातला तो माणूस एकदम म्हणाला, "कोलम हाय."

"वाडा कोलम," अण्णा म्हणाले. "मीच आणला होता पाडव्याला." ते खुर्चीवर बसले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मंजू, पंख्यातपण गेलेत ना? आवाज येत होता?"

"हो, अण्णा."

"कधीपासून?"

"पाडव्यानंतर चार दिवसांपासून."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं, अण्णा. तीनदा."

मला वाटलं आता ते उठून पिशवी भरतील आणि डोंबिवलीला जातील. जयेश शिडीवर तसाच उभा होता, हातावर आमचा पाडवा घेऊन. सुहास बादलीतला टॉवेल पिळत होता. त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

अण्णांनी मांडीवरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला, त्याच्या दांड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "जयेश, ट्रे धुऊन घे, पंख्यातले दाणे काढ, ड्रेनमध्ये पाणी मारून बघ. उताराला काही झालेलं नाही, मी चुकीचं सांगितलं. आणि पुन्हा माझ्यासमोर गॅस म्हणालास तर शिडी काढून घेईन." जयेश जीभ चावून हसला. अण्णा सुहासकडे वळले. "सुहासराव, त्या कानाच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घ्या. एसी ठणठणीत आहे. तपासणारा सर्व्हिसिंगला आलाय."

मी आत जाऊन पोटभर रडले. मग चहा टाकला, कारण तीन माणसं चहाची वाट बघत होती.

कानाचं मशीन आलं त्या दिवशी अण्णांनी पहिलं काम केलं ते म्हणजे चष्म्याच्या छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने ते उघडून पाहिलं. "एवढ्याशा जागेत बरं बसवलंय," असं प्रशस्तिपत्र देऊन मग कानात घातलं. त्यानंतर आमच्या घराचं काही खरं राहिलं नाही. पंख्याची बुशिंग, फ्रिजच्या दाराचं रबर, गिझरचा वॉल्व्ह, सगळ्यांची सुनावणी झाली. सुहासचे गुडघे जिना चढताना वाजतात हा शोधही तेव्हाच लागला. "वंगण संपलंय," अण्णा त्याला म्हणाले. "गॅस नाही." पेपरचं पान एवढ्या मोठ्याने उलटतं हे आपण विसरूनच गेलो होतो, असं ते चारचौघांत सांगत आणि दाखवण्यासाठी पेपर पुन्हापुन्हा उलटत.

आता अक्षतांची वाटी माझ्या हातात असते. या पाडव्यालाही होती. झाकण लागल्यावर, दोन दाणे, तेही एसीच्या डोक्यावर नव्हे, खाली स्टुलावर. त्या वर्षापासून एसी गळला नाही, बादली बाल्कनीत तुळशीला पाणी घालते. तरी चैत्रात दोऱ्यांवर फिल्टर दिसले की मला ते दिवस आठवतात, आणि खास करून त्या उन्हाळ्यातली एक दुपार.

कानाचं मशीन येऊन दोनतीन दिवस झाले होते. अण्णा बाल्कनीत एसीचा बाहेरचा डबा ऐकत होते. स्क्रू-ड्रायव्हरचा दांडा कानाजवळ नेला की मशीन कुईं करून शिट्टी मारायचं. ते दांडा लांब न्यायचे, पुन्हा जवळ आणायचे, पुन्हा शिट्टी. नव्या आणि जुन्या यंत्राचं जमत नव्हतं आणि अण्णा दोघांत समेट घडवत बसले होते. पानं वाढून झाली होती. आमटीला उकळी आलेली. मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, "अण्णा, तो स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवा आणि जेवायला चला!"

मी ते ठरवून म्हटलं नव्हतं. भूक लागली होती, म्हणून तोंडून गेलं.

शिट्टी थांबली. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, स्क्रू-ड्रायव्हर हातातच. यंत्र ऐकताना मिटतात तसे त्यांनी डोळे मिटले.

"परत म्हण," ते म्हणाले.

मला वाटलं, मशीन बंद पडलं, पुन्हा ऐकू येत नाहीये. मी जवळ जाऊन, एकेक शब्द तोडून म्हटलं, "अण्णा, तो स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवा, आणि जेवायला चला."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "तुझा आवाज हुबेहूब तिचा झालाय गं," ते म्हणाले. "कधी झाला? मला कळलंच नाही."

ओट्यावर आमटी निवत होती.

"आता चला, अण्णा," मी म्हणाले.

"असं नाही. ती तीनदा म्हणायची."

मग मी गॅस पेटवला, आमटी पुन्हा गरम केली आणि तिसरी हाक मारली. अण्णांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.